अण्णासाहेबांच्या गाडीची थरथर

तीस वर्षं मोटारींखाली पडून काढली, पण गिऱ्हाइकाची गाडी धुऊन मी आयुष्यात एकदाच दिली. गाडी धुणं हे मिस्त्रीचं काम नाही, असा माझा बाणा. कोणी म्हणालं, "मिस्त्री, जरा पानीही मारून द्या," की मी सांगायचो, "नदी तिकडे हाय भाऊ, अथी फक्त बिघाड निघते." या तोंडामुळे काही गिऱ्हाइकं गेली, तोंड मात्र सुधारलं नाही. ती एक गाडी का धुतली, तेवढं सांगायला बसलो आहे. लिहिताना मी शाळेतली मराठी लिहीन, बोलणं आलं की वऱ्हाडी येईल. पुण्याकडच्या वाचकांनी सांभाळून घ्यावं. नाही घेतलं तरी आमचं काही अडत नाही.

मी काम शिकलो अकोल्याला, रहीमभाई उस्तादांच्या हाताखाली. उस्ताद फार बोलायचे नाहीत, पण एक गोष्ट दिवसातून दहा वेळा ऐकवायचे. कोणताही पार्ट बसवायच्या आधी, तो जिथं बसतो तिथं अंगठा फिरवायचा. "बिठाने से पहले अंगूठा फिरा. आँख झूठ बोलती है." आम्ही मान हलवायचो आणि विसरायचो.

मोटारीचा बिघाड शोधणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला वाटतं तसं नसतं. त्यात हुशारी कमी आणि गोंधळच जास्त असतो. बार्शीटाकळीचे एक गृहस्थ आमच्याकडे गाडी घेऊन आले होते, वळणावर मागून गडगड आवाज येतो म्हणून. आम्ही दोन दिवस मागचा सगळा आस खोलून बसलो. शेवटी डिकीतल्या जादा चाकाच्या पोटात लग्नातला नारळ सापडला. उस्तादांनी तो तिथंच फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. गृहस्थ शरमले, पण खोबरं त्यांनीही खाल्लं.

पुढं मी अमरावतीला आलो आणि बडनेरा रस्त्यावर स्वतःचं गॅरेज टाकलं. साठ-एकसष्टच्या सुमाराची गोष्ट. दसरा होऊन गेला होता. एका शुक्रवारी सकाळी एक काळी विलायती गाडी बैलगाडीच्या चालीनं माझ्या दारात आली. चालवत होते अण्णासाहेब, हायस्कुलात फिजिक्स शिकवायचे ते. शेजारी त्यांच्या पत्नी. त्यांना सगळं गाव डॉक्टरीणबाई म्हणायचं. बाई दर गुरुवारी मेळघाटात सेमाडोहला बायका तपासायला जायच्या. अण्णासाहेबांना छातीचं दुखणं झालं होतं, त्यापायी शाळा सुटली होती. घरी बसून करायचं काय? तर आठवड्यातून एकदा बाईंना सेमाडोहला न्यायचं आणि आणायचं. तेवढं एक काम त्यांच्याकडे उरलं होतं.

बाईच आधी उतरल्या. "मिस्त्री, काल घाटात जीव जायचा बाकी होता. स्टेअरिंग हातात राहत नव्हतं. ब्रेक दाबला की गाडी अंगात आल्यासारखी करते."

"तिसाच्या वर गेलं की थरथर सुरू होते," अण्णासाहेब म्हणाले. "ब्रेकवर जास्त. पुढचे ब्रेक मीच बदलले, घरी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी."

थोडं समजावून सांगतो. तेव्हाच्या गाड्यांना चाकामागे लोखंडाचा डबा असायचा, घमेल्याएवढा. त्याला ड्रम म्हणतात. त्याच्या आत दोन अर्धगोल लोखंडी पट्ट्या, त्यांच्यावर रिबिटांनी ठोकलेलं लायनर. पायानं ब्रेक दाबला की लायनर ड्रमला आतून घासतं आणि गाडी थांबते. हा ड्रम हबावर बसतो. हब म्हणजे आसाच्या टोकाची चपटी थाळी. तिच्यावर ड्रम, ड्रमवर चाक, आणि वरून नट कसायचे. थरथर नुसत्या वेगानं येत असेल तर चाकात किंवा टायरात पाहायचं, नुसती ब्रेकवर येत असेल तर ड्रममध्ये. या गाडीला दोन्ही होत्या.

आता माझं तोंड. मी गाडीभोवती चक्करही मारली नव्हती, आणि बाईंसमोर बोलून गेलो, "अन्नासायेब, पोरायले फिजिक्स शिकवनं येगळं अन् लायनर ठोकनं येगळं. हे तुमच्या हातचं काम नाई."

अण्णासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलं? आता मिस्त्रीच सांगतो." मग मला म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारपर्यंत गाडी नीट करा. आणि मी ड्रायव्हर पाहते. यांनी आता ना गाडीला हात लावायचा, ना पान्याला."

अण्णासाहेब मागे राहिले. बाई रिक्षात बसल्यावर हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, काय चुकलं तेवढं नीट शोधा. आठवड्यातून एक गुरुवारच मी माणसात असतो."

मी म्हटलं, "पायतो ना." असं म्हणायला मिस्त्रीचं काय जातं?

दुपारी चाकं काढली, ड्रम काढले आणि आत डोकावलो. लायनर एकसारखं बसलेलं, रिबिटा खोल आणि समान, स्प्रिंगा जागच्या जागी, ब्रेकच्या नळीतली हवा पूर्ण काढलेली. एवढं साफ काम मी स्वतः करत नव्हतो. गिऱ्हाईक दारात उभं असलं की आमच्या हातून एखादी रिबिट वाकडी जायचीच. हे मला शुक्रवारी दुपारी दिसलं. रिक्षा करून अण्णासाहेबांच्या घरी जाऊन सांगायला अर्धा तास लागला असता. गेलो नाही. म्हटलं, आधी बिघाड सापडू दे, मग एकदमच सांगू. खरं कारण, जीभ उलटी फिरवायची लाज वाटली.

मग टायर अदलाबदल केले. थरथर तशीच. शनिवारी स्टेअरिंगचे सगळे जोड उपसले, बेअरिंग धुऊन नव्यानं कसले. काही ढिलं नाही, काही झिजलेलं नाही. बडनेरा रस्त्यावर गाडी पळवली की तिसाला हात थरथरायचे आणि पस्तिसाला दात वाजायचे. अबे, हे काय भूत आहे? जेवताना घास हातात धरून मी विचार करत बसायचो.

रविवारी खडू घेतला. गाडी जॅकवर उचलून चाक फिरवायचं आणि खडू रिमच्या जवळ स्थिर धरायचा. चाक सरळ असलं तर खडू सगळीकडे सारखा लागतो, वाकडं असलं तर एकाच जागी उमटतो. डाव्या चाकावर एकाच जागी उमटला. चाक बदललं, तरी डावीकडेच. मग मी डावा ड्रम उजवीकडे आणि उजवा डावीकडे घातला. आता खडू उजवीकडे उमटला! म्हणजे दोष ड्रमसोबत चालत गेला. मी मांडीवर थाप मारली. सापडलं! ड्रम वाकडा आहे. अण्णासाहेबांनी काढताना हातोड्यानं ठोकला असणार. तेव्हाही मी त्यांनाच धरलं.

अमरावतीत लोखंड फिरवून तासणारे लेथवाले होते, पण माझा विश्वास एकाच लेथवर. मंगळवारी ड्रम गोणपाटात बांधला आणि बडनेऱ्याहून आगगाडीनं अकोल्याला उस्तादांकडे गेलो. रहीमभाईंनी मधल्या भोकातून ड्रम लेथवर घेतला, वाकडेपणा दाखवणारा काटा लावला आणि फिरवला. काटा हलला नाही. उलटा करून फिरवला. काटा ढिम्म.

"ड्रम बेकसूर है, बेटा," उस्ताद म्हणाले.

"असं कसं? ज्या बाजूले ड्रम जाते, त्या बाजूले थरथर जाते!"

"जाती होगी. ये सीधा है. मेरे से सीधा."

मी डोकं धरून स्टुलावर बसलो. दोष ड्रमसोबत जातो, आणि ड्रममध्ये दोष नाही. दोन्ही गोष्टी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नव्हत्या. पंधरा वर्षांची मिस्त्रीगिरी कुठं गेली कोण जाणे. उस्तादांनी चहा मागवला.

"पहले किसने बोला के मास्टरजी का काम खराब है?"

"मी."

"देख के बोला?"

"नाई. बिनापायता."

उस्ताद बशीत चहा ओतून हसायला लागले. "तो पहले उस मिस्त्री का टायर बदल."

परत येताना आगगाडीत एकच गोष्ट डोक्यात होती. परवा गुरुवार. बाईंनी ड्रायव्हर पाहिलाच असेल. अण्णासाहेब व्हरांड्यात बसून गाडी फाटकातून बाहेर जाताना बघतील, आणि ती माझ्या एका वाक्यानं गेलेली असेल. मूर्तिजापूर स्टेशन आलं आणि गेलं, मला कळलं नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. आई अंगणात सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी गोणपाट तिच्याजवळच टाकलं आणि हातपाय धुवायला गेलो. परत आलो तर तिनं ड्रम बाहेर काढून मांडीवर घेतला होता.

"सुखदेवा, हे काय घमेलं आनलं रे?"

"ठेव ते आई. मोटारचा ब्रेक होय. हात काये होतीन."

तिनं ठेवलं नाही. आत हात घातला आणि तळाशी, जिथं ड्रम हबावर टेकतो तिथं, अंगठा फिरवला. मग थांबली. परत फिरवला.

"याले शेंदूर कोनं लावला?"

"शेंदूर? आई, तो ब्रेकचा काया मैल होय."

"मले नको शिकवू. वरून काया हाय, खालून शेंदूर हाय." तिनं नखानं खरवडलं. काळ्याखालून केशरी रंग निघाला. "तेलातला होय. वायला की दगड होते. अन् हे पाय, तांदुयाचा दाना. अक्षता लावली कोनंतरी."

आमच्या घरानं छप्पन साली धम्म घेतला. त्याच्या आधी चाळीस वर्षं आईनं शेताच्या धुऱ्यावरच्या म्हसोबाला शेंदूर लावला होता. मग एका दिवसात तिनं सगळं सोडलं, देव्हारा स्वतःच्या हातानं उतरवला. माझ्या गॅरेजातही खंडेनवमीला पूजा होत नसे. गिऱ्हाइकं म्हणायची, "मिस्त्री, औजाराले फूल नाई वाहत?" मी म्हणायचो, "तेल वाहतो, बारा महिने." म्हणून शेंदूर हा पदार्थ माझ्या डोक्यातच नव्हता. आईच्याही डोक्यात नव्हता. बोटात होता.

मी तिथंच फतकल मारून बसलो. तीन बोटांचे तीन ठसे, त्यात चेपून दगड झालेला एक दाणा. ताटाखाली दाणा आला की ताट डुगडुगतं, तसा हबावर ड्रम तिरका बसत होता. ड्रमचं वर्तुळ सरळच होतं. उस्तादांनी तो मधल्या भोकातून धरला, त्यामुळं लेथलाही काही कळलं नाही. आणि मी? मी तो ड्रम चार वेळा काढला, चार वेळा घातला. एकदाही अंगठा फिरवला नाही.

"काहून हासून राहिला?" आई म्हणाली.

"हासत नाई वो माय," मी म्हटलं. खरंच हसत नव्हतो.

बुधवारी शेंदूर खरवडला, हब पुसला, अंगठा फिरवला आणि ड्रम बसवला. खडू सगळीकडे सारखा लागला. रस्त्यावर चाळिसाला दोन्ही हात सोडले. गाडी नाकासमोर गेली. संध्याकाळी गाडी गॅरेजातच ठेवली, चावी खिशात घातली आणि सायकलनं अण्णासाहेबांकडे निघालो. वाटभर वाक्य जुळवत होतो. शेंदूर कोणी लावला? घरात कामाला बाई असेल, तिनं लावला असेल. एवढीच माझी अक्कल.

अण्णासाहेब खुर्चीत होते. डॉक्टरीणबाई टेबलाशी उद्याची औषधांची बॅग भरत होत्या.

"अन्नासायेब, गाडी पक्की झाली," मी चावी त्यांच्या हातात दिली. "बिघाड ड्रमच्या आत होता, बसकेत..."

बाईंचा हात बॅगेतच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि जुळवलेलं वाक्य मी तिथंच सोडलं. पेशंटच्या गळ्यातले गंडेदोरे कात्रीनं कापणारी बाई ती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मैल होता," मी म्हणालो. "थोडा मैल राह्यला होता."

"मैल?" अण्णासाहेब म्हणाले. "मी दोन्ही ड्रम पेट्रोलनं धुतले होते. दोनदा धुतले." मग त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "राहिला असेल. डोळे दगा देतात आता." उठून त्यांनी चावी बाईंच्या बॅगेशेजारी ठेवली. "तू म्हणालीस तेच बरोबर. उद्यापासून ड्रायव्हरला सांग."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. नाही बोललो. बाईंची लाज राखायची की अण्णासाहेबांचा हात, हे मला त्या घटकेला ठरवता आलं नाही.

"चावी उचला," बाई म्हणाल्या.

"अगं, पण..."

"उचला म्हणते ना! मैल नव्हता तो. शेंदूर होता. मी लावला."

अण्णासाहेब बाईंकडे वळले. "तू?"

"हो, मी. नवमीला सकाळी तुम्ही ड्रम धुऊन ठेवले आणि आंघोळीला गेलात तेव्हा. शेजारून मागून आणला, तेलात कालवला. बोनेटवर लावला असता तर तुम्ही वर्षभर हसला असता. म्हणून आत लावला, दिसणार नाही असा. दुसऱ्यात लावायच्या आत तुम्ही बाहेर आलात." बाईंचा आवाज फाटला. "त्या घाटात तुमच्या छातीत कळ आली तर मी काय करायचं हो? मला गाडी चालवता येत नाही. दर गुरुवारी औषधाची बाटली पदराखाली धरून बसते मी. डॉक्टर आहे म्हणून भीती वाटत नाही होय?" आणि त्या डोळ्याला पदर लावून उभ्या उभ्या रडल्या.

अण्णासाहेबांनी चावी उचलली. मग ते म्हणाले, "दोन्हीकडं तरी लावायचा होता. एकाच बाजूनं देव आला."

बाई रडता रडता हसल्या. मग एकदम माझ्याकडे वळल्या. "मिस्त्री, तुम्हाला माहीत होतं ना? मग मैल का म्हणालात?"

"चुकलं बाई."

हे चुकलं, एवढंच म्हणालो. दुसरं जे चुकलं होतं, शुक्रवारचं, ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात चहा आला. चहा प्यालो आणि सायकल घेऊन घरी आलो. आईनं विचारलं, "सांगतलं का?" मी म्हटलं, "अर्धं."

गुरुवारी सकाळी लवकर गॅरेज उघडलं. विहिरीवरून बादल्या ओढल्या आणि ती काळी गाडी धुतली. टपापासून चाकापर्यंत धुतली, चाकांच्या आत कुंचला घालून धुतली. समोरचा पानवाला ठेला उघडायचा सोडून बघत राहिला. म्हणाला, "मिस्त्री, तब्येत बरी हाय ना?"

अण्णासाहेब पायी आले. गाडीवरून पाणी ठिबकत होतं. माझा नियम त्यांनाही माहीत होता. ते गाडीभोवती फिरले, पुढच्या डाव्या चाकाशी वाकले, मग सरळ झाले.

"मिस्त्री, एक विचारू? लायनर कसे बसले होते?"

"एक नंबर, अन्नासायेब. माह्यापेक्षा बरे. पहिल्याच दिवशी दिसलं होतं मले."

त्यांनी दार उघडलं, आत बसले, स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवले. रागावले नाहीत. म्हणाले, "मग पहिल्याच दिवशी सांगायचं होतं. सहा रात्री झोपलो नाही मी."

आणि गाडी सुरू करून बाईंना घ्यायला गेले. मी ओलं फडकं हातात घेऊन दारात उभा राहिलो.